वर्गणीला श्रेणी चालेल, हक्काला नाही



स्मरणिकेचे काम हाती घेतले की शुभेच्छापत्रे, जाहिराती आणि सभासदांची यादी हे तीन गठ्ठे प्रथम आमच्यासमोर येतात. यादी छापावयाची म्हणजे प्रत्येक नावापुढे वर्ग लिहावयाचा : आश्रयदाते, आजीव, कुटुंब, व्यक्ती, विद्यार्थी. या वर्गांची व त्यांच्या वर्गणीची फेररचना करण्याची सूचना यंदा कार्यकारिणीपुढे आली असून ती वार्षिक सर्वसाधारण सभेत चर्चेस येणार आहे. त्यापूर्वी अमेरिकेतील शिक्षकांच्या संघटनांचा अनुभव वाचकांनी ध्यानी घ्यावा, असे आम्हांस वाटते. आपल्या कितीतरी लेकीसुना आज इथल्या शाळांतून शिक्षिका किंवा वर्गसाहाय्यक म्हणून काम करीत आहेत. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

१८५७ साली फिलाडेल्फिया शहरी ४३ शिक्षक एकत्र आले आणि त्यांनी 'नॅशनल टीचर्स असोसिएशन' स्थापन केली. आजची 'नॅशनल एज्युकेशन असोसिएशन' ती हीच. तिच्या पहिल्या घटनेने पूर्ण सभासदत्व केवळ 'सद्गृहस्थां'साठी राखून ठेवले होते. स्थापनेच्या वेळी दोन स्त्रिया हजर होत्या, परंतु स्त्रियांसाठी वेगळा वर्ग करण्यात आला, तो 'सन्माननीय सभासदां'चा. या सन्माननीय भगिनींना एक हक्क मात्र होता. चर्चेच्या विषयावरील आपले विचार त्यांनी निबंधरूपाने लिहून द्यावेत आणि ते चिटणीसाने किंवा त्यांनी निवडलेल्या अन्य सभासदाने सभेत वाचून दाखवावेत. लेखणी स्त्रीची, वाणी पुरुषाची! वर्गाचे नाव सन्मानाचे होते, पण बोलण्याचा अधिकार त्यात नव्हता. पुढे १८६६ साली घटनेतील 'सद्गृहस्थ' हा शब्द काढून त्या जागी 'व्यक्ती' हा शब्द घालण्यात आला. एका शब्दाचा हा बदल. परंतु त्यामुळेच १९१० साली एला फ्लॅग यंग या विदुषी त्याच संघटनेच्या पहिल्या स्त्री अध्यक्षा होऊ शकल्या.

कृष्णवर्णीय शिक्षकांची वाट याहून लांबची होती. दक्षिणेकडील राज्यांतल्या संलग्न संघटनांची दारे त्यांना बंद होती. म्हणून १९०४ साली त्यांनी आपली स्वतंत्र राष्ट्रीय संघटना उभारली. तीच पुढे 'अमेरिकन टीचर्स असोसिएशन' या नावाने ओळखली गेली. या दोन्ही संघटना एकत्र आल्या त्या १९६६ साली, म्हणजे तब्बल ६२ वर्षांनी. आणि त्यानंतरही काही राज्यशाखांचे एकीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. दुसरी मोठी संघटना 'अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स' हिने अधिक ठाम पाऊल उचलले. वर्णभेद सोडण्यास नकार देणाऱ्या शाखांना तिने १९५७ साली संघटनेबाहेर काढले. हजारो सभासद आणि त्यांची वर्गणी गमावण्याची तिची तयारी होती. ही संघटना १९१६ साली स्थापन झाली आणि न्यूयॉर्कमधील तिच्या शाखेच्या आरंभीच्या सभासदांत कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन ड्यूई होते. बाबासाहेबांचे हेच गुरू, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. जगन्मान्य तत्त्वज्ञानेही शाळाशिक्षकांच्या बरोबरीने वर्गणी भरून संघटनेचे सभासद व्हावे, यात आपणांसाठी बोध आहे.

आम्ही ज्या व्यवसायात आयुष्य घालविले त्या वैद्यकीय व्यवसायाचा इतिहासही निराळा नाही. डॉक्टरांच्या संघटनांनी दारे लावून घेतली म्हणून कृष्णवर्णीय डॉक्टरांनी १८९५ साली 'नॅशनल मेडिकल असोसिएशन' स्थापन केली. आणि 'अमेरिकन मेडिकल असोसिएशन'ने या अन्यायाबद्दल जाहीर क्षमा मागितली ती २००८ साली. पदवी एकच, रुग्ण तेच, औषधेही तीच. पण सभासदत्वाचा अर्ज मात्र वेगळा. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पाणवठ्यावरही वेगळे उभे केले गेले, त्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता वर्गणीसंबंधी. 'नॅशनल एज्युकेशन असोसिएशन'ची राष्ट्रीय वर्गणी देशातील शिक्षकांच्या सरासरी वेतनाशी जोडलेली आहे. पूर्णवेळ शिक्षकाला ती वर्षाला २०० डॉलरच्या आसपास पडते. राज्यशाखेची व स्थानिक शाखेची वर्गणी त्यावर निराळी. वर्गसाहाय्यक, बसचालक, उपाहारगृहातील कामगार अशा शालेय कर्मचाऱ्यांची वर्गणी शिक्षकांपेक्षा कमी असते, कारण त्यांचे वेतन कमी असते. अध्यापनाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांकडून तर नाममात्र रक्कम घेतली जाते. परंतु आम्हांस महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की कमी वर्गणी भरणारा शालेय कर्मचारी तेथे कमी प्रतीचा सभासद ठरत नाही. तो मत देऊ शकतो, निवडणुकीस उभा राहू शकतो. ऐपतीप्रमाणे वर्गणी घ्यावी, पण मत मात्र सर्वांचे सारखे असावे, हा त्यामागील न्याय आहे.

वर्गणीच न भरणाऱ्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. सरकारी नोकरीतील जे शिक्षक सभासद होत नाहीत त्यांनाही संघटनेने घडवून आणलेल्या वेतनकराराचा लाभ मिळतो. म्हणून त्यांच्याकडून वाटाघाटींच्या खर्चापुरती रक्कम घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली डेट्रॉइटच्या शिक्षकांच्या खटल्यात मान्यता दिली होती. २०१८ साली जॅनस खटल्यात त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो निर्णय फिरविला. तेव्हापासून सरकारी शाळांतील शिक्षकांची वर्गणी पूर्णतः स्वेच्छेची झाली आहे. नव्याने नोकरीस लागलेली आपली मुले-मुली विचारतात, "फुकट मिळते त्यासाठी पैसे का द्यावेत?" आमचे उत्तर सरळ आहे. फुकट काहीच मिळत नसते; कोणीतरी दुसऱ्याने त्याची किंमत चुकविलेली असते. आपल्या शिक्षणाची किंमत कोणी चुकविली, हे आपल्या समाजाला तरी विसरता येणार नाही. जयंतीच्या भोजनास सहकुटुंब येऊन सभासदत्वाचा अर्ज पुढल्या वर्षावर ढकलणाऱ्या आपल्या काही बांधवांनीही हे उत्तर स्वतःला लागू करून पाहावे.

या सर्व अनुभवाच्या उजेडात आपल्या संस्थेच्या वर्गांकडे पाहू. 'कुटुंब' या वर्गात आज पती-पत्नी दोघे सभासद असतात, पण मत मात्र एक. आणि ते बहुधा पतीच देतो. धम्मवर्ग चालविणाऱ्या, शंभर माणसांचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या आमच्या भगिनी मतदानाच्या वेळी गप्प बसतात. १८५७ सालच्या त्या सन्माननीय सभासदांत आणि यांच्यात अंतर कितीसे राहिले? दुसरी बाब आश्रयदात्यांची. मोठी देणगी देणाऱ्यांना कार्यकारिणीत राखीव जागा असाव्यात, अशी एक सूचना आहे. देणगीदारांविषयी आम्हांस आदर आहे. त्यांच्यावाचून ही स्मरणिकाही निघाली नसती. परंतु देणगीचे मोल कृतज्ञतेने चुकवावे, अधिकाराने नव्हे. एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य हे तत्त्व बाबासाहेबांनी देशासमोर ठेवले. ते आपल्याच सभागृहाच्या दाराशी अडून राहू नये. श्रेणीबद्ध विषमतेचे विष त्यांनी जन्मभर उलगडून दाखविले. ती विषमता डॉलरच्या मापाने पुन्हा रचण्याचे पाप आपल्या हातून घडू नये.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. कुटुंब सभासदत्वात प्रत्येक प्रौढ व्यक्तीला स्वतंत्र मत असावे. वर्गणी उत्पन्नाच्या मानाने तीन पायऱ्यांची असावी आणि विद्यार्थी व नोकरी गेलेले बांधव यांना ती नाममात्र असावी. आणि कोणत्याही वर्गाला, मग तो कितीही मोठी रक्कम देवो, एका मताहून अधिक मत वा राखीव जागा नसावी. यामुळे वर्गणीच्या जमेत काही तूट येईल, हे आम्ही जाणतो. हजारो सभासद गमावूनही १९५७ साली शिक्षकांची एक संघटना मोडली नाही. काही डॉलरांच्या तुटीने आपलीही मोडणार नाही.

सर्वसाधारण सभेस सर्वांनी यावे. भगिनींनी तर अवश्य यावे, आणि आपले मत स्वतःच्या मुखाने मांडावे.

जय भीम! नमो बुद्धाय!

– संपादक