ताप कागद घेऊन येत नाही

गेल्या पावसाळ्यात एक बाई आमच्या कार्यालयात आली. हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ती खासगी शाळेत मदतनीस आहे. मुलांना गाडीतून उतरवून घ्यायचं, वर्ग झाडायचे, बालवाडीतल्या लेकरांचं शी-शू काढायचं, हे तिचं काम. पगार महिना सहा हजार. त्या महिन्यात तिच्या हातात ३,६०० रुपये पडले होते. बारा दिवसांचे २,४०० कापले, त्यात एक रविवारही होता.

झालं होतं असं. सोमवारी तिला ताप भरला. शेजारणीच्या मुलाबरोबर तिने शाळेत निरोप पाठवला. गावातल्या डॉक्टरकडून सुई घेतली, गोळ्या घेतल्या. त्याने कागद दिला नाही, हिने मागितला नाही. शुक्रवारपर्यंत ताप उतरला नाही, तेव्हा नवऱ्याला शनिवारी सवड झाली आणि मोटारसायकलवरून त्याने तिला सरकारी दवाखान्यात नेलं. टायफॉइड निघाला. तीन दिवस तिथं ठेवून घेतलं, पुढे विश्रांती सांगितली. मग ती कामावर रुजू झाली आणि दोन दिवसांनी तिने प्रमाणपत्र नेऊन दिलं. त्यावर शनिवारपासूनचे सात दिवस होते. आधीचे पाच दिवस नव्हते.

शाळेचा नियम असा की आजारी पडल्यापासून तीन दिवसांत प्रमाणपत्र दिलं पाहिजे. त्यामुळे पहिले पाच दिवस 'विनापरवानगी गैरहजर', आणि उरलेले सात दिवस 'प्रमाणपत्र उशिरा' म्हणून बिनपगारी. मी संस्थाचालकांना भेटले. ते सभ्यपणे बोलले. "बाईंवर आमचा अविश्वास नाही, मॅडम. पण एकीला सोडलं की उद्या सगळ्या तेच म्हणणार."

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "ताई, ताप काय कागद घेऊन येतो का?"

मैत्रिणींनो, हा लेख मी त्या प्रश्नासाठी लिहिते आहे.

उशिराच्या कागदाचं भांडण वरवर किरकोळ वाटतं. पाच-सात दिवसांच्या पगाराचा तर प्रश्न! पण कागदाला उशीर का होतो, ते मोजून बघा. गावाहून दवाखान्यापर्यंतचं अंतर, एस.टी.च्या वेळा, सोबत कोण येणार, भाड्याला पैसे कोण देणार, घरात स्वयंपाक कोण करणार, शेळी कुणाकडे सोडायची. पुरुष आजारी पडला की घर त्याला दवाखान्यात नेतं. बाई आजारी पडली की घर आधी दोन-चार दिवस वाट बघतं. त्या दोन-चार दिवसांचा कागद कधीच तयार होत नाही. म्हणजे घराने तिला उशीर करायचा आणि मालकाने त्या उशिराचा दंड तिच्याकडूनच घ्यायचा!

डॉक्टरांचं काय? सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, मागचे पाच दिवस का लिहिले नाहीत? त्या म्हणाल्या, "मी ज्या दिवशी तपासलं त्या दिवसापासूनच लिहिणार." त्यांचं बरोबर होतं. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार खोटं प्रमाणपत्र देणं हा गैरव्यवहार आहे, आणि दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद वहीत ठेवून प्रत जपायची असते. म्हणजे प्रामाणिक डॉक्टर आणि प्रामाणिक बाई एकत्र आल्या की नुकसान बाईचं होतं. मागची तारीख टाकून, पैसे घेऊन कागद देणारे कुठे बसतात हे कुठल्याही तालुक्यात रिक्षावाल्यालाही माहीत असतं. नियम खोट्याला अडवत नाही, तो ज्याला खोटं परवडत नाही त्याला अडवतो.

२०२४ मध्ये हिंगोलीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण डॉक्टर जवळ आले म्हणून घरातून निघायची परवानगी जवळ येत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. सरकारी नोकराला वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा मिळते आणि वैद्यकीय प्रमाणपत्र दिलं तर ती पूर्ण पगाराच्या परिवर्तित रजेत बदलून घेता येते. कारखान्यात किंवा आस्थापनेत राज्य कामगार विमा लागू असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. दुकानांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात मात्र आजारपणाची अशी वेगळी रजाच नाही. वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा आणि कामाच्या दिवसांवर मिळणारी रजा, त्यातच दुखणंखुपणं बसवायचं. तोही कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता, आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. आपल्या जिल्ह्यातल्या किती दुकानांत वीस माणसं कामाला असतील, तुम्हीच सांगा.

वसमतला आणि हिंगोलीला हळदीचा मोठा बाजार आहे. तिथं हळद निवडणाऱ्या, पोती भरणाऱ्या बायकांना तर रजा हा शब्दच नाही. आज आली तर आजचे पैसे. आणि मराठवाड्यातून कोयता घेऊन जाणाऱ्या जोडप्यांचं त्याहून उलटं आहे. तिथं आजारी पडणाऱ्याला मिळत काही नाहीच, उलट द्यावं लागतं. एक दिवस फडात गेलं नाही की 'खाडा' धरतात आणि त्याचे पैसे उचलीत चढवतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पाळीच्या आणि अंगावर जाण्याच्या त्रासाने खाडा पडू नये, हे त्यामागचं एक कारण बायकांनीच सांगितलं. दुखण्याच्या दिवसाला मोल नसलं की बाई आपल्या शरीरातलं काय काय सोडून द्यायला तयार होते, हे आपण पाहिलं आहे. शाळेतल्या बाईचा कापलेला पगार आणि फडातल्या बाईचा खाडा एकच नाही, हे मला समजतं. पण दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे: बाईचं दुखणं म्हणजे कामचुकारपणा, जोवर ती तसं नाही हे सिद्ध करत नाही.

इथपर्यंत लिहिणं मला सोपं गेलं. पुढचं अवघड आहे.

त्या शाळेतून परत येताना मला आमच्याच संस्थेतली एक कार्यकर्ती आठवली. तीन वर्षांपूर्वी ती नऊ दिवस आली नाही. 'बरं नाही' एवढाच फोन. आल्यावर प्रमाणपत्र मागितलं, तर "आणते" म्हणाली. महिना संपला तरी आणलं नाही. मी समन्वयक आहे. हजेरीपत्रकावर तिच्या नावापुढे 'विनावेतन' लिहून मी सही केली. नियम सर्वांना सारखा, असं मीही म्हणाले होते. संस्थाचालकांचंच वाक्य, फक्त खुर्ची माझी.

बऱ्याच महिन्यांनी एका मुक्कामाच्या शिबिरात रात्री ती बोलली. तिचा गर्भ पडला होता. कागद तिच्याजवळ होता, पिशवीत घडी घालून ठेवलेला. पण त्यावर सगळं लिहिलेलं होतं, आणि आमच्या हिशेबनीस तिच्या भावकीतल्या. कागद त्यांच्या टेबलावर गेला असता तर संध्याकाळपर्यंत गावात गेला असता. सासरी तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिने पगार सोडला.

गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे, गरोदरपणाच्या आजारासाठी एक महिना, या तरतुदी प्रसूती लाभाच्या १९६१ च्या कायद्यात आहेत, हे मी एम.एस.डब्ल्यू.च्या परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. आता नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, तरतुदी राहिल्या. मला सगळं पाठ होतं. फक्त नऊ दिवस कशाचे, हे विचारायला एकांतातली पाच मिनिटं मी काढली नाहीत.

आणखी एक प्रकार आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. नवऱ्याने मारलेली बाई सरकारी दवाखान्यात जात नाही. तिथं गेलं की पोलीस केस होईल, ही भीती असते. ती घरीच हळद लावून पडून राहते, सूज उतरल्यावर कामावर येते. तिच्याकडे कोणतं प्रमाणपत्र असणार? कागदाची सक्ती केली की तिच्यापुढे दोनच वाटा उरतात: खोटं बोलणं किंवा पगार सोडणं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की कागदाचा उशीर आणि आजाराचा खोटेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकाच मापाने मोजू नका. हे काही नवं तत्त्व नाही. बाळंतपणाची नोटीस वेळेत दिली नाही एवढ्यावरून बाईचा हक्क जात नाही, हे १९६१ च्याच कायद्याने मान्य केलं होतं. ८ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेतल्या हजेरीपटावरच्या रोजंदार बायकांनाही प्रसूतीचे लाभ मिळाले पाहिजेत असा निकाल दिला. नोकरीचा कागद कच्चा म्हणून शरीराची गरज कच्ची ठरत नाही, असाच त्याचा अर्थ मी घेते. ब्रिटनमध्ये आजाराच्या पहिल्या सात दिवसांसाठी कामगाराने स्वतः लिहून दिलेलं पुरतं, डॉक्टरचा कागद त्यानंतर लागतो. परदेश कशाला, आपल्याच राज्य सरकारने २०१५ मध्ये कितीतरी कामांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी साधं स्वयंघोषणापत्र चालेल असं ठरवलं. जिच्या सहीवर सरकार विश्वास ठेवतं, तिच्या तीन दिवसांच्या तापावर मालकाने का ठेवू नये?

कुणी म्हणेल, मग गैरफायदा घेतला जाईल. घेतीलही दोघी-चौघी. आजही कागद विकत आणून घेतातच. एकीच्या लबाडीपायी दहा जणींना दंड करणारा नियम शिस्तीचा नसतो, सोयीचा असतो.

आमच्या संस्थेत आम्ही बसून नियम बदलला. पहिले तीन दिवस बाईचं स्वतःचं लिहिणं पुरेल. लिहिता येत नसेल तर तिने सांगायचं, आपण लिहून घ्यायचं. त्यापुढच्या दिवसांसाठी प्रमाणपत्र, केसपेपर किंवा गोळ्यांची चिठ्ठी चालेल, आणि ती द्यायची मुदत आजारी पडल्यापासून नाही, कामावर परत आल्यापासून पंधरा दिवस. कागदावर आजाराचं नाव असण्याची गरज नाही. ज्यावर ते असेल तो कागद बंद पाकिटात, बाई सांगेल त्या एकाच व्यक्तीकडे. आणि पगार कापण्याआधी तिला समोर बसवून विचारायचं. त्या कार्यकर्तीचे नऊ दिवसांचे पैसे आम्ही परत दिले. तिने ते घेतले, सही केली, आणि काही बोलली नाही. मीही 'चुकलं' एवढंच म्हणू शकले.

शाळेतल्या बाईचं भांडण अजून मिटलेलं नाही. पाच दिवसांचं जाऊ द्या, पण दवाखान्याचा शिक्का असलेल्या सात दिवसांचे पैसे द्या, अशी तडजोड संस्थाचालकांनी सुचवली आहे. तिला ती मान्य नाही. "पहिल्या पाच दिवसांतच ताप जास्त होता," असं तिचं म्हणणं आहे. आम्ही बाराही दिवसांचा लेखी अर्ज दिला आहे. तिच्याबरोबर आणखी दोघी मदतनिसांनी सह्या केल्या, हे मला पैशांपेक्षा मोठं वाटतं.

तुमच्या कामाच्या ठिकाणी काय नियम आहे, तो कुठे लिहिलेला आहे का, आणि त्याची झळ कुणाला बसली, हे आम्हाला जरूर लिहून कळवा. आणि तुमच्यापैकी ज्या माझ्यासारख्या हजेरीपत्रकावर सही करतात, त्यांनी पुढच्या वेळी 'विनावेतन' लिहिण्याआधी पेन खाली ठेवून एकदा तिला विचारावं.