जास्त शिकलेली की सगळं विसरलेली? एकदाचं ठरवा

नोकरीच्या बाजारात माझ्यावर दोन ठपके आहेत. पहिला, ‘या पदासाठी तुमचं शिक्षण आणि अनुभव जास्त आहे.’ दुसरा, ‘मध्ये एवढा गॅप पडलाय, आता जमेल का?’ म्हणजे मला गरजेपेक्षा जास्त येतं आणि काहीच येत नाही. हे दोन्ही मी एकाच मुलाखतीत, एकाच माणसाच्या तोंडून ऐकलंय.

मी एम.कॉम. आहे. नऊ वर्षं अकाउंट्समध्ये काम केलं. २०१६ मध्ये बाळासाठी थांबले, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. चांगलंच आहे. पण मूल २६ आठवड्यांत मोठं होत नाही, आणि सासूबाईंसाठी तर तेवढीही रजा नाही. ते काम घरात कोण करतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी तिलाच विचारायचं, ‘इतकी वर्षं काय करत होतात?’

या काळात माझं काय हुकलं ते मोजता येतं. १ जुलै २०१७ला जीएसटी आला. २०२० मध्ये जीएसटीआर-२बी आलं. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं. हे शिकता येतं, मी शिकले. शंका असेल तर एका महिन्याचं खरेदीचं रजिस्टर आणि २बी समोर ठेवा, जुळवून दाखवते. ही परीक्षा मात्र अजून कोणी घेतलेली नाही.

कारण शंका कामाबद्दल नाहीच. ही टिकेल का आणि ऐकेल का, एवढाच प्रश्न आहे. टिकण्याची काळजी मला कळते. माणूस तयार करायला वेळ आणि पैसा लागतो. पण पंचविशीतला मुलगा दीड वर्षात सोडून गेला की तो ‘महत्त्वाकांक्षी’ ठरतो. राहिलं ऐकणं. वयाने लहान साहेबाच्या हाताखाली, कमी पगारात काम करायचं की नाही, हे मी अर्ज करतानाच ठरवलेलं असतं. माझ्या वतीने ते दुसऱ्याने का ठरवावं?

हितचिंतक सांगतात, ‘एम.कॉम. लिहूच नकोस. गॅपमध्ये काहीतरी फ्रीलान्स दाखव.’ म्हणजे खरं बोललं की दार बंद, आणि खोटं पकडलं गेलं तरी दार बंद. नागपूरच्या जिल्हा न्यायालयातल्या शिपाई भरतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली म्हटलं होतं की, केवळ शिक्षण जास्त म्हणून उमेदवाराचा विचारच न करणं तर्काला धरून नाही. २०२० मध्ये त्याच न्यायालयासमोर ओडिशातलं प्रकरण आलं. एका सरकारी बँकेला शिपाई हवा होता, पदवीधर नको होता. उमेदवाराने बी.ए. लपवलं. माहिती दडवली म्हणून न्यायालयाने त्याचा नोकरीवरचा हक्क नाकारला. शिपायाच्या जागा कमी शिकलेल्यांसाठी राखण्यामागे निदान एक कारण आहे, त्यांना दुसरी दारं कमी असतात. खासगी ऑफिसातल्या अकाउंटंटच्या खुर्चीला तेही कारण लागू होत नाही.

तुमच्या रेझ्युमेत आज गॅप नसेल. पण आई-वडील म्हातारे होतात, कंपन्या कपात करतात, शरीरही कधी दगा देतं. आणि दोन-चार वर्षांत तुमच्यातलेच काही जण टेबलाच्या पलीकडे बसून मुलाखती घेणार आहेत. तेव्हा एवढंच करा. जाहिरातीत पगार लिहा, तो परवडतो का ते अर्ज करणारा बघेल. काम येतं का ते काम देऊन तपासा. आणि गॅपचं कारण एका वाक्यात सांगितलं गेलं, की पुढच्या प्रश्नाकडे वळा.

माझ्या अर्जात एम.कॉम. राहणार आहे, आणि ती वर्षंसुद्धा.