ओळखीचे पात्र, स्वतःची रेषा

मोटारींना बंदी असलेल्या माथेरानात, लाल मातीच्या वाटेकडेला बसून कुणी हौशी चित्रकार टॅब्लेटवर आपल्या ढंगाने ‘चिंटू’ रेखाटू लागला, तर ती केवळ नक्कल म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. १९९१ साली ‘सकाळ’मधून अवतरलेल्या या पात्राचे श्रेय चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचेच, हे निर्विवाद. पण महाभारताची कथाही मोरोपंतांची नव्हती. तरी ‘आर्याभारत’ त्यांचेच ठरते.

खरा धोका निराळा आहे. पडद्यावर चुकलेली रेषा क्षणात पुसता येते, आणि शैली तर बहुधा हाताच्या अशाच हट्टी चुकांतून घडते. म्हणून समीक्षकाने पात्र कोणाचे, एवढे विचारून थांबू नये. रेषा कोणाची, हेही पाहावे.