कॅम्पसवरचे ‘दुसरे इंडियन’

मंडळी, मुलांच्या कॉलेजच्या फॉर्मवरचा ‘अमेरिकन इंडियन’ हा रकाना आपण सर्वांनी पाहिला आहे. तो आपला नाही, एवढे समजून आपण पुढे जातो. पण त्या रकान्यातल्या मुलांकडून आपल्या मंडळांनी शिकावे असे बरेच आहे.

स्टॅनफर्डचेच उदाहरण घ्या. १९३० पासून तिथल्या क्रीडासंघांचे प्रतीक ‘इंडियन’ होते. १९७० मध्ये मूठभर नेटिव्ह अमेरिकन विद्यार्थ्यांनी संघटना काढली आणि ही थट्टा थांबवा, अशी मागणी केली. १९७२ मध्ये विद्यापीठाने ते प्रतीक रद्द केले. मात्र मुले नुसत्या निषेधावर थांबली नाहीत. १९७१ मध्येच त्यांनी पॉववॉव, म्हणजे ढोल, गाणी आणि नृत्यांचा मेळावा सुरू केला. आजही मदर्स डेच्या सुमारास विद्यार्थीच तो भरवतात.

हे सोपे नव्हते. अमेरिकेत सरकारमान्य जमातीच साडेपाचशेहून अधिक. नावाहोंची भाषा निराळी, लाकोटांची निराळी. त्यात विद्यार्थी चार वर्षांत निघून जाणार! म्हणून हक्काची जागा महत्त्वाची ठरली. कॅम्पसवर त्यांचे सांस्कृतिक केंद्र झाले, पुढे ‘मुवेकमा-ता-रुक’ हे निवासगृहही. जाणाऱ्यांचे काम येणाऱ्यांच्या हाती देता येऊ लागले.

आपल्याकडे गणेशोत्सव मोठी माणसे ठरवतात, मुले फक्त नाचतात. मग कॉलेजला गेली की मंडळात फिरकत नाहीत, अशी आपली तक्रार! पुढच्या वर्षीचा एक कार्यक्रम, हिशेबासकट, त्यांच्यावरच सोपवला तर?