राजा तोच, रयत निराळी!

जुन्या चिजेत नवी जागा किती घ्यावी, हा वाद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. २०२५ साली तोच वाद एका अगदी निराळ्या प्रांतात रंगला, तो म्हणजे संगणकावर खेळल्या जाणाऱ्या डावपेचांच्या खेळांचा प्रांत. पोरांचा खेळ म्हणून वडीलधाऱ्या मंडळींनी तिकडे काणाडोळा करू नये. या खेळाचा विषय साऱ्या मानवजातीचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपल्याला कोणते आसन मिळाले आहे हे पाहून ठेवण्याजोगे आहे.

खेळाचे नाव ‘सिव्हिलायझेशन’. सिड मायर या अमेरिकन खेळकर्त्याने १९९१ साली त्याचा पहिला भाग काढला. खेळणाऱ्याने एखादा समाज निवडायचा, नगरे वसवायची, शेती, विद्या, व्यापार आणि युद्ध यांच्या जोरावर त्याला आदिकाळापासून अंतराळयुगापर्यंत न्यायचे, असा त्याचा सांगाडा. सहावा भाग २०१६ साली आला आणि सातवा ११ फेब्रुवारी २०२५ रोजी. समीक्षकांनी या सातव्या भागाला शंभरपैकी सुमारे ८० गुण दिले. पण पदरचे पैसे मोजून खेळणाऱ्या रसिकांनी मात्र नाके मुरडली. ‘स्टीम’ या विक्रीच्या पेठेत ग्राहकांचा कौल संमिश्रच राहिला.

असे का व्हावे? किरकोळ तक्रारी पुष्कळ होत्या. पडद्यावर हवी ती माहिती सापडत नाही, ही त्यांतली एक. विजय मिळाल्यावरही ‘आणखी एक खेळी’ म्हणत पुढे खेळत राहण्याची जी जुनी मुभा होती, ती प्रथम दिलीच नव्हती. एप्रिलमध्ये दुरुस्ती करून ती परत द्यावी लागली. परंतु खरे दुखणे याहून खोल आहे. या भागात काळाचे तीन खंड पाडले आहेत: प्राचीन, सागरसंचाराचा आणि आधुनिक. प्रत्येक खंड संपला की खेळणाऱ्याने आपला समाज सोडून दुसरा घ्यायचा! इजिप्तने प्रारंभ केला असेल तर पुढे सोंघाय व्हावे. आणि पदरी पुरेसे घोडे जमले असतील तर चक्क मंगोलही होता येते. चालू लढाया तेथेच थांबतात आणि बहुतेक नगरांची पुन्हा गावे होतात. नेता मात्र पहिल्यापासून अखेरपर्यंत तोच!

कर्त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. इतिहास थरांवर थर चढत घडतो, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. दुसरा भाग काढताना एकतृतीयांश जुने ठेवावे, एकतृतीयांश सुधारावे आणि एकतृतीयांश नवे घालावे, असा या कंपनीचा दंडकच आहे. आम्हां गाणाऱ्यांना तो सहज पटेल. गुरूची तालीम, स्वतःची मेहनत आणि स्वतःची सूझ असे त्रैराशिक प्रत्येक घराण्यात असतेच. रागमालेत तर राग पाठोपाठ बदलतात, तरी श्रोता बिथरत नाही, कारण तंबोऱ्याचा षड्ज बदललेला नसतो. येथे चूक झाली ती नवे घालण्यात नव्हे. जो समाज खेळणाऱ्याने हाताने वाढवला, तोच त्या खेळातला षड्ज होता, आणि नेमका तोच मध्येच उतरवला गेला.

याची पारख करायला दूर जावयास नको. खानापूर तालुक्यातले कणकुंबी घ्या. घाटमाथ्यावरचे, मलप्रभेच्या उगमाचे हे गाव. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाताना वाटेत लागते. या मुलुखाने कदंब पाहिले, आदिलशाही पाहिली, मराठेशाही पाहिली. १८१८ नंतर इंग्रज आले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्य, आणि १९७३ साली त्याचेच कर्नाटक झाले. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. एवढे शिक्के फिरले, तरी त्या भागातल्या घराघरांत चुलीपाशी मराठी बोलली जाते ती बोलली जातेच. कचेरीत आणि शेजाऱ्यांशी कानडी बोलूनही ती पुसली गेली नाही. इतिहासात राज्यकर्ते बदलतात आणि माणसे राहतात; या खेळात राज्यकर्ता राहतो आणि माणसे बदलतात. रसिकांना जे खटकले त्याचे मूळ येथे आहे, मग त्यांनी ते या शब्दांत सांगितले असो वा नसो.

आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. प्रथम निघालेल्या संचात भारताची परंपरा मौर्य, चोळ आणि मोगल अशी लावली आहे, आणि यांतले मोगल आधुनिक खंडात बसवले आहेत! १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या. १७८४ साली दिल्लीच्या बादशाहीचा कारभार महादजी शिंद्यांच्या हाती आला. त्या काळी मोगलांचे तख्त उरले होते ते नावापुरते. २००९ साली निघालेल्या ‘एम्पायर: टोटल वॉर’ या दुसऱ्या एका खेळात मराठ्यांना स्वतंत्र सत्तेचे स्थान होते. त्या खेळाचा काळ १७०० पासून सुरू होतो, म्हणजे राजाराम महाराजांच्या निधनाचे आणि ताराबाईंनी झुंज हाती घेतल्याचे वर्ष. तेव्हा आपली नोंद कोणी घेतच नाही, असे नाही. पण ज्या खेळाचा बोलबाला अधिक, त्यातच ती राहून गेली.

खेळकर्त्यांनी रसिकांचे ऐकले, हे त्यांच्या पदरात घातले पाहिजे. एकच समाज शेवटपर्यंत राखून खेळता यावे, अशी सोय आपण अजमावून पाहत आहोत, असे त्यांनी २०२५ च्या अखेरीस जाहीर केले. समीक्षकाच्या गुणांपेक्षा तिकीट काढून बसलेल्या श्रोत्याची नापसंती येथे प्रभावी ठरली. आपल्या घरांतील तरुण मंडळी हे खेळ खेळतात. त्यांना दटावण्यापेक्षा अटकेचे आणि ताराबाईंचे वर्ष त्यांच्या कानी घालावे, म्हणजे पडद्यावरचा इतिहास कोठे थिटा पडतो हे त्यांचे त्यांना उमगेल.