बरे झाल्यावर जावे कोठे?

नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची स्थापना १८६४ साली झाली. तेव्हापासून कायदे बदलले, औषधे बदलली. बदलले नाही ते जवळच्या चौकाचे लोकांच्या तोंडी बसलेले नाव. ‘पागलखाना चौक’ म्हटल्यावाचून आजही ऑटोवाल्यास पत्ता कळत नाही! हे नाव कोणास खटकत नाही. आणि त्यामागील वृत्ती घरात शिरली म्हणजे बरा झालेला मनुष्यही रुग्णालयातच पडून राहतो. आम्हांस आज लिहावयाचे आहे ते त्याच्याविषयी.

स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, या नावामुळे एका देहात दोन व्यक्ती वावरतात अशी समजूत पसरली आहे. ती साफ चुकीची आहे. विचार, भावना आणि वास्तवाचे भान यांचा मेळ तुटणे, हे या रोगाचे खरे स्वरूप. तो बहुधा ऐन तारुण्यात उद्भवतो. जवळ कोणी नसता आवाज ऐकू येतात. शेजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असे वाटते, आणि कोणत्याही पुराव्याने ते वाटणे हटत नाही. ही लक्षणे निदान दिसतात तरी. परंतु हुशार मुलगा अबोल होतो, स्नान टाळतो, पुस्तक उघडीत नाही, तेव्हा घरचे त्यास आळशी ठरवितात आणि उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो. मग अंगारे-धुपारे होतात. आणि त्यावर कडी म्हणजे रोग लपवून लावलेले लग्न. ‘दोनाचे चार हात केले की ताळ्यावर येईल’ हा सल्ला पदवीधरांच्या घरांतही दिला जातो, याची आम्हांस लाज वाटते.

आनुवंशिकता, मेंदूतील डोपामिनसारख्या द्रव्यांच्या कार्यातील बिघाड, गांजाचे सेवन, अशी अनेक कारणे येथे एकत्र येतात. तथापि आईबापांपैकी एकास हा रोग असला तरी सुमारे नव्वद टक्के मुलांना तो होत नाही. आईच्या वागणुकीस दोष देणारी उपपत्ती एके काळी पाश्चात्त्य तज्ज्ञांतही बोकाळली होती. ती केव्हाच मोडीत निघाली.

१९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा उपयोग सुरू झाला आणि कुलूप हाच उपचार मानण्याचे दिवस सरले. औषधाने आवाज पुष्कळदा शमतात, रुग्ण कामधंद्यास लागू शकतो. मात्र ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्या की रोग उलटण्याचा धोका फार मोठा. गोळ्यांची आठवण कोणी द्यावी? घरच्यांनीच; आणि घरच नाकारले तर?

कुटुंब स्वीकारीत नाही एवढ्याच कारणास्तव कोणासही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे एकोणिसावे कलम सांगते. महाराष्ट्राने त्यावर काढलेला तोडगा पाहा: अशा व्यक्तींची रवानगी भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत होऊ लागली, आणि जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याबद्दल राज्याचे कान उपटावे लागले. तरुण मनुष्य, अपराध काही नाही, भीक मागितलेली नाही, तरी त्याचा पत्ता भिक्षेकरीगृह! त्यापेक्षा रुग्णालय आणि घर यांच्या मधली, देखरेखीची आणि कामाची सोय असलेली छोटी निवासगृहे शासनाने वस्तीतच काढावीत. ‘आमच्या गल्लीत नको’ अशी ओरड त्या वेळी होईल, आणि ती करणारांत आमचे काही वाचकही असतील.

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन याच शहरात भरते. बरे झालेल्यांपैकी किती घरी गेले, किती निवासगृहांत गेले आणि किती अद्याप त्याच वॉर्डात आहेत, याचा हिशेब आरोग्य खात्याने प्रत्येक अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावा, अशी आमची मागणी आहे.