एकाच्या बदल्यात दहा : या हिशेबात माती कुठे आहे?

पश्चिम राजस्थानात सौर प्रकल्पांसाठी खेजडीची झाडे तोडली जात आहेत. बिकानेर आणि फलोदीच्या परिसरात त्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आहेत. अशा बातम्यांखाली एक उत्तर हमखास वाचायला मिळते : ‘एका झाडाच्या बदल्यात दहा रोपे लावू, मग तक्रार कसली?’ उत्तर हिशेबी वाटते, पण तो हिशेबच चुकीचा मांडलेला आहे.

खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पूजतो ती शमी. रेताड जमिनीत ती काय करते ते पाहा. फॉस्फरस कोणतेही झाड निर्माण करीत नाही. खेजडी तो खोलवरून मुळांनी वर आणते आणि पालापाचोळ्यातून पृष्ठभागावर ठेवते. वाऱ्याने उडणारी बारीक माती तिच्या बुंध्याशी अडते. सावलीला बसलेल्या गुरांचे शेण तिथेच पडते. नायट्रोजनची गोष्ट निराळी : मुळांवरच्या गाठींतील जीवाणू तो हवेतून घेऊन मातीत खरोखरीची भर घालतात. या साऱ्यातून झाडाखाली जे कसदार वर्तुळ तयार होते, त्याला शास्त्रज्ञ ‘सुपीकतेचे बेट’ म्हणतात. जोधपूरच्या ‘काझरी’ या केंद्रीय संस्थेने अनेक दशकांपूर्वीच मोजून दाखवले आहे, की खेजडीखालच्या मातीत सेंद्रिय द्रव्य, नायट्रोजन आणि फॉस्फरस उघड्या शेतापेक्षा अधिक असतात. थरचा शेतकरी बाजरी, मूग, मटकी खेजडीच्या सावलीत पेरतो, ते उगाच नव्हे.

हे बेट घडायला कित्येक दशके लागतात. झाड तुटले की पाचोळा थांबतो, माती तापते आणि उरलेला कस वारा घेऊन जातो. दूर कुठेतरी लावलेली दहा रोपे त्या जागेची भरपाई कशी करणार? त्यांतली किती जगली, हे मोजायला तरी पुन्हा कोण जाते?

‘मग वाळवंटभर झाडेच लावा’ हा दुसऱ्या बाजूचा उत्साहही तितकाच आंधळा आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या गवताळ प्रदेशावर झुडपांनी आक्रमण केले, तेव्हा सर्वत्र पसरलेली पोषकद्रव्ये झुडपांखाली गोळा झाली आणि मधली जमीन उघडी पडून धुपू लागली. श्लेसिंगर आणि सहकाऱ्यांनी १९९० साली ‘सायन्स’मध्ये ही प्रक्रिया मांडली. आपल्याकडची वेडी बाभूळ पाहा. १९४० साली जोधपूर संस्थानाने तिला शाही वनस्पतीचा मान दिला. तिच्याखालीही कस साठतो, पण ती इतर फारसे काही उगवू देत नाही. सेवण गवताचे माळ, देवराईसारखे जपलेले ओरण आणि माळढोकाचा अधिवास यांना ‘पडीक’ ठरवून त्यांवर अशी हिरवाई लादणे म्हणजे दुसरे नुकसान.

भौतिकशास्त्राचा अभ्यासक म्हणून मला सौरऊर्जा हवीच आहे. प्रश्न मांडणीचा आहे. जुन्या खेजडीभोवती जागा सोडली तर किती वीज कमी होईल, हे गणित कोणताही अभियंता करून देईल. पॅनेलांच्या रांगांमध्ये पिके घेण्याचे प्रयोग काझरीनेच केले आहेत. म्हणून मागण्या तीन. परवानगीआधी प्रत्येक जुन्या झाडाची नोंद आणि मातीची तपासणी व्हावी. आराखडा झाडांना वगळून काढावा. भरपाई रोपांच्या संख्येत न मोजता दहा वर्षांनंतरच्या मातीतील सेंद्रिय कर्बात मोजावी आणि ते आकडे जाहीर करावेत.

१७३० साली खेजडली गावात याच झाडासाठी ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले. त्या बलिदानाला केवळ श्रद्धा म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी एकदा खेजडीखालची मूठभर माती आणि शेजारच्या उघड्या रानातली मूठभर माती प्रयोगशाळेत पाठवावी. दोन्ही अहवाल शेजारी ठेवावेत आणि मग एकाच्या बदल्यात दहाचा हिशेब पुन्हा मांडून दाखवावा.